इंजिनाची शक्ती घटते तेव्हा

दिनांक ३० मे २०२३ रोजी बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावरून निघालेले एक छोटे प्रशिक्षण-विमान तांत्रिक बिघाडामुळे होन्निहाळ गावाजवळच्या शेतात उतरवावे लागले. विमानातील दोघेही बचावले. त्याआधी २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले असेच एक विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले होते. त्यातील प्रशिक्षणार्थी वैमानिकाचे प्राण किरकोळ दुखापतीवर निभावले. अशा प्रसंगी विमानाजवळ प्रथम पोहोचतात ते बहुधा आसपास राबणारे शेतकरी. विमानविद्या हा केवळ वैमानिकांचा विषय, असे म्हणून म्हणूनच चालत नाही. इंदूर, वडोदरा, हैदराबाद यांसारख्या ठिकाणी विमानचालनाचे शिक्षण दीर्घकाळ दिले जात आहे. त्या परिसरातील खेड्यांवरून छोटी विमाने नित्य घिरट्या घालताना दिसतात. त्यांपैकी एखाद्याच्या इंजिनाचा आवाज अचानक मंदावला, तर आकाशात नेमके काय घडत असते आणि जमिनीवरील माणसाने काय करावे, याची माहिती सर्वांनाच असणे इष्ट आहे.

इंजिन बंद पडले तरी विमान उडतच असते

इंजिन थांबताच विमान दगडासारखे खाली येते, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. विमानाला हवेत उचलून धरतात ते त्याचे पंख. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहत राहिली की उचल निर्माण होते. इंजिनाचे काम एवढेच की, प्रॉपेलर फिरवून विमानास पुढे रेटा द्यावा आणि हवेच्या रोधावर मात करून तो वेग टिकवावा. रेटा नाहीसा झाला, तर वेग टिकविण्यासाठी दुसरी शिदोरी वापरावी लागते, आणि ती शिदोरी म्हणजे उंची. उतारावरून निघालेली सायकल पायडल न मारता जशी धावते, त्याप्रमाणे नाक किंचित खाली झुकवलेले विमान उंची खर्च करून वेग राखते आणि तरंगत खाली येते.

प्रशिक्षणासाठी व प्रवासासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ या चार आसनी विमानाचे उदाहरण घेऊ. इंजिन बंद असताना हे विमान ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने तरंगत राहिले, तर एक मीटर उंची खर्चून साधारण नऊ मीटर अंतर पुढे जाते. म्हणजे जमिनीपासून ३,००० फूट उंचीवर इंजिन थांबले, तर शांत हवेत सुमारे आठ किलोमीटर अंतर आणि चार मिनिटांचा अवधी वैमानिकाच्या हाती असतो. १,००० फुटांवर हाच हिशेब पावणेतीन किलोमीटर आणि जेमतेम सव्वा मिनिट एवढा उतरतो. समोरून वारा असेल, तर अंतर आणखी घटते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक विमानाचा तरंगण्याचा एक सर्वोत्तम वेग ठरलेला असतो. त्याहून जलद गेले तर रोध वाढून उंची लवकर संपते. त्याहून फार मंद गेले तर पंखांवरील हवेचा प्रवाह सुटतो, उचल एकाएकी कोसळते आणि विमान नाक टाकून खाली येते. या अवस्थेस वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. जमिनीजवळ स्टॉल झालेले विमान सावरण्यास उंची उरत नाही. इंजिन बिघडल्यानंतर होणाऱ्या प्राणहानीचे एक मोठे कारण हेच आहे. शक्ती गेली म्हणून नव्हे, तर त्यानंतरच्या काही क्षणांत वेग गमावला म्हणून विमाने कोसळतात.

शक्ती का घटते?

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनास तीन गोष्टी लागतात : इंधन, हवा आणि ठिणगी. यांपैकी एकीत उणीव आली की शक्ती घटते.

इंधन संपणे, टाकी निवडण्याची कळ चुकीच्या जागी असणे किंवा इंधनात पाणी मिसळणे, ही नित्याची कारणे होत. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्पाचे पाणी होते. ते पेट्रोलहून जड असल्यामुळे तळाशी साचते. याकरिता प्रत्येक दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून पाहण्याचा परिपाठ आहे. पाणी असल्यास ते खाली वेगळे दिसते. दोन मिनिटांच्या या तपासणीचा कंटाळा किती महाग पडेल, हे सांगावयास नको.

ठिणगीसाठी विमानाच्या इंजिनात मॅग्नेटो नावाची दोन स्वतंत्र यंत्रे असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. एक मॅग्नेटो निकामी झाला तरी इंजिन थोड्या कमी शक्तीवर चालत राहते. मात्र मॅग्नेटोच्या वेळेत बिघाड होऊन ठिणगी भलत्याच क्षणी पडू लागली, तर इंजिन धडधडू लागते. अशा वेळी किल्ली फिरवून दोन्ही मॅग्नेटो एकेकटे तपासावेत आणि ज्यावर इंजिन सुरळीत चालेल, त्यावरच ठेवावे.

तिसरे कारण आश्चर्यकारक वाटेल. ते म्हणजे बर्फ, आणि तोही उबदार दिवशी. कार्ब्युरेटरच्या निमुळत्या नळीत हवेचा दाब कमी होतो, पेट्रोलची वाफ होते आणि या दोन्ही क्रियांमुळे आतील तापमान वीस ते तीस अंशांनी उतरू शकते. माठातील पाणी गार होते, त्याच तत्त्वाचा हा प्रकार आहे. बाहेर २० अंश सेल्सिअस तापमान असले आणि हवा दमट असली, तरी नळीच्या आत बर्फ धरू शकते. हवेचा मार्ग आक्रसतो आणि इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात. यावर उपाय म्हणून इंजिनाच्या उष्णतेने तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये सोडण्याची कळ असते. ती पूर्ण ओढली पाहिजे. ती ओढताच फेरे आणखी उतरतात. बर्फ वितळून पाणी आत जाते, तेव्हा इंजिन खोकल्यासारखे अडखळते. नवशिका वैमानिक येथेच घाबरतो आणि कळ परत ढकलतो. वस्तुतः हे अडखळणे उपाय लागू पडत असल्याची खूण असते. थोडा धीर धरल्यास फेरे पूर्ववत होतात.

अर्धी शक्ती अधिक फसवी

इंजिन पूर्ण बंद पडणे अधिक भयंकर की अर्धवट चालणे? कोणीही म्हणेल, पूर्ण बंद पडणे. परंतु अनुभव निराळा आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने २००० ते २०१० या अकरा वर्षांतील एका इंजिनाच्या विमानांच्या घटना तपासल्या. आकाशात झेपावल्यानंतर लगेच शक्ती अंशतः घटल्याच्या २४२ घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५. पूर्ण बंद पडल्याच्या एकाही घटनेत प्राणहानी झाली नाही. अंशतः घटल्याच्या घटनांपैकी नऊंमध्ये मात्र माणसे दगावली.

या विसंगतीचे मूळ यंत्रात नसून माणसाच्या मनात आहे. इंजिन पूर्ण थांबले की निर्णय आपोआप होतो. उतरणे अटळ असते, म्हणून वैमानिक नाक खाली करतो आणि जागा शोधतो. इंजिन अर्धवट चालत असले की आशा सुटत नाही. विमानतळ मागेच आहे, थोडे ओढून नेले तर पोहोचू, असे वाटते. उंची घटू नये म्हणून वैमानिक नाक वर धरतो. विमान थोडा वेळ उंची राखते, पण त्याची किंमत वेगाने मोजली जाते. काटा हळूहळू खाली येतो आणि वैमानिकाचे लक्ष मात्र इंजिनाकडे व विमानतळाकडे असते. उरलीसुरली शक्ती याच क्षणी गेली किंवा वळण घेताना वेग आणखी उतरला, की स्टॉल ठरलेलाच.

म्हणून उरलेली शक्ती केव्हाही जाईल, असे गृहीत धरूनच वागावे. प्रथम नाक खाली करून सुरक्षित वेग राखावा. त्या वेगावर विमान उंची टिकवते की गमावते, हे पाहावे. गमावत असेल, तर विमानतळाची आशा सोडून जवळची मोकळी जागा त्याच क्षणी निवडावी. टिकवत असेल, तर विमानतळाकडे जावे, पण वस्ती, रान व पाणी टाळून, जेथे केव्हाही उतरता येईल अशा मोकळ्या मुलखावरून. थ्रॉटलच्या ज्या स्थितीत इंजिन बरे चालते, तेथून ती विनाकारण हलवू नये. मिळालेली शक्ती ही देणगी समजावी, तिच्यावर विसंबून राहू नये.

मागे वळण्याचा मोह

उड्डाण करताच काही शे फुटांवर शक्ती गेली, तर धावपट्टी नुकतीच मागे पडलेली असते. साहजिकच वैमानिकाचे मन मागे वळते. हा मोह किती घातक आहे, हे साध्या गणिताने समजते. सेसना १७२ सारखे विमान ताशी १२० किलोमीटर वेगाने ३० अंश कलून वळले, तर वळणाचा व्यास सुमारे ४०० मीटर होतो. अर्धे वर्तुळ पूर्ण केल्यावर विमान धावपट्टीवर येत नाही, तिच्या बाजूला ४०० मीटरवर असते. पुन्हा तिच्या रेषेत येण्यासाठी आणखी वळावे लागते. बिघाड ध्यानात येईपर्यंत दोनचार सेकंद गेलेले असतात. शिवाय समोरचा वारा आता पाठीमागून येऊन उतरण्याचा वेग वाढवितो.

वळण आवळावे म्हटले, तर दुसरी अडचण उभी राहते. विमान जितके अधिक कलते, तितका स्टॉल अधिक वेगावर येतो. ३० अंश कलून उंची राखल्यास हा वेग सात टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांवर एकोणीस टक्क्यांनी आणि ६० अंशांवर एकेचाळीस टक्क्यांनी. सरळ जाताना जो वेग सुरक्षित होता, तोच वळणात प्राणघातक ठरतो. यास्तव ठरावीक उंचीखाली शक्ती गेल्यास समोर किंवा थोडे डावी-उजवीकडे जी मोकळी जागा दिसेल तेथे उतरावे, असेच प्रशिक्षणात शिकविले जाते. ती उंची कोणती, हे प्रत्येक वैमानिकाने धावपट्टीवर उभे असतानाच मनाशी ठरवून मोठ्याने उच्चारावे. संकटात नवा विचार सुचत नाही, आधी केलेला विचार मात्र आठवतो.

दिनांक ५ मार्च २०१५ रोजी अमेरिकेतील सँटा मोनिका विमानतळावरून प्रसिद्ध चित्रपट-अभिनेते हॅरिसन फोर्ड हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील रायन जातीचे जुने विमान घेऊन निघाले. थोड्याच वेळात इंजिनाची शक्ती गेली. त्यांनी प्रथम विमानतळाकडे वळण्यास आरंभ केला. परंतु तेथवर पोहोचता येणार नाही, हे ओळखून त्यांनी नजीकचे गोल्फचे मैदान निवडले. उतरताना विमान एका झाडाच्या शेंड्यास घासले. फोर्ड गंभीर जखमी झाले, पण वाचले. आसपासच्या दाट वस्तीतही कोणास इजा झाली नाही. कार्ब्युरेटरमधील इंधनाचे माप ठरविणारी एक बारीक तोटी आपल्या जागेवरून सैल होऊन निसटल्याचे तपासात आढळले. प्रमाणाबाहेर इंधन गेल्याने इंजिन थांबले होते. नाण्याएवढ्या भागाने विमान खाली आणले, आणि पहिला बेत वेळीच सोडून दिल्याने वैमानिक वाचला.

उंचीवर असताना करावयाच्या गोष्टी

पुरेशी उंची हाताशी असेल, तर कामांचा क्रम असा असतो. पहिले काम वेगाचे : नाक सांभाळून सर्वोत्तम तरंगवेग धरणे. दुसरे जागेचे : वाऱ्याची दिशा पाहून आटोक्यातील एक शेत निवडणे. तिसरे तपासणीचे : इंधनाची कळ, इंधन-मिश्रण, कार्ब्युरेटरची उष्ण हवा आणि मॅग्नेटो. पुष्कळदा बिघाड येथेच सापडतो आणि इंजिन पुन्हा सुरू होते. चौथे संदेशाचे : रेडिओवर ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारून विमानाची खूण, ठिकाण आणि हेतू कळविणे. पाचवे तयारीचे : पट्टे आवळणे, सुट्या वस्तू आवरणे, उतरण्यापूर्वी इंधन व ठिणगी बंद करणे आणि दारे ठेचून अडकू नयेत म्हणून आधीच किंचित उघडी करणे.

या क्रमात वेगाला पहिले स्थान आहे आणि रेडिओला चौथे, हे लक्षणीय आहे. दूरवरचा नियंत्रक विमान उडवू शकत नाही. ते वैमानिकालाच उडवावे लागते, आणि तेही अगदी थांबेपर्यंत.

शेताची निवड

वरून सर्व शेते सारखीच दिसतात, पण ती सारखी नसतात. पीक काढलेले, कोरडे व सपाट रान सर्वांत चांगले. नांगरट केलेली असेल, तर तासांना समांतर उतरावे, आडवे उतरल्यास पुढचे चाक रुतून विमान उलटते. पावसाळ्यात माळव्याची काळी जमीन चिखलाने चाके धरून ठेवते. गोव्याच्या भातशेतीत पाणी आणि बांध यांचा धोका असतो. बेळगावकडील उंच उसाचा फड वरून मऊ गादीसारखा भासतो, परंतु त्याच्या शेंड्यांची पातळी जमीन समजून उतरल्यास घोटाळा होतो. सर्वांत मोठा धोका विजेच्या तारांचा. त्या वरून दिसत नाहीत, खांब मात्र दिसतात. म्हणून खांबांची ओळ शोधावी आणि तेथे तारा आहेतच असे मानावे.

शेत अपुरे पडले तरी घाबरण्याचे कारण नाही. कमी वेगाने, पण स्टॉल न होऊ देता, सरळ उतरलेले विमान थोड्या जागेत थांबते आणि आतील माणसे वाचू शकतात. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट मंदन गृहीत धरल्यास ताशी ८० किलोमीटर वेगाचे विमान सुमारे ३ मीटरमध्ये थांबते. वेग १६० असेल, तर सुमारे ११ मीटर लागतात. वाऱ्याला तोंड देऊन उतरल्यास जमिनीच्या हिशेबाने वेग घटतो, तो याच कारणाने मोलाचा. पंख मोडले, चाके गेली, तरी हरकत नाही. विमान पुन्हा बनविता येते.

ग्रामस्थांचे कर्तव्य

विमान शेतात उतरताना दिसले, तर त्याच्या मार्गातून गुरे व माणसे बाजूला करावीत. ते थांबण्यापूर्वी त्याकडे धावू नये. थांबल्यावर बाजूने किंवा मागून जावे, प्रॉपेलरसमोर जाऊ नये. थांबलेला प्रॉपेलर हाताने हलवू नये, कारण मॅग्नेटो चालू राहिला असल्यास तो एकदम फिरू शकतो. विमानाचे पेट्रोल झटकन पेट घेते, म्हणून जवळपास विडी, काडेपेटी, कंदील आणू नये. आतील माणसांचे पट्टे सोडविण्यास साहाय्य करावे. आगीचा धोका नसेल, तर गंभीर जखमी माणसास वैद्यकीय मदत येईपर्यंत हलवू नये. ११२ क्रमांकावर तात्काळ कळवावे आणि गावाचे नाव, जवळची खूण व पोहोचण्याचा रस्ता स्पष्ट सांगावा.

माणसे सुरक्षित झाल्यावर विमानास हात लावू नये. कोणती कळ कोणत्या स्थितीत होती, एखादा भाग कोठे पडला होता, यांवरून तपास करणारे अधिकारी बिघाडाचे कारण शोधतात. आठवण म्हणून उचलून नेलेला लहानसा तुकडा हाच कदाचित एकमेव पुरावा असतो. पोलीस पाटील, ग्रामसेवक व शिक्षक यांनी गर्दी दूर ठेवून पोलीस येईपर्यंत पहारा ठेवला, तर पुढच्या कित्येक वैमानिकांचे प्राण वाचविण्यास तो हातभार ठरेल.

शाळेत करून पाहावे

हा विषय विज्ञानाच्या तासाला सहज शिकविता येतो. विद्यार्थ्यांकडून कागदी विमान करवून त्याच्या नाकास एक टाचणी-क्लिप लावावी आणि टेबलाच्या उंचीवरून हलकेच सोडावे. सोडण्याची उंची व गाठलेले अंतर मोजून एक मीटर उंचीमागे किती मीटर अंतर मिळाले, याचे कोष्टक करावे. नंतर पंखांची मागची कड थोडी वर वळवून पाहावे. विमान नाक वर करते, क्षणभर थबकते आणि धाडकन खाली येते. तोच स्टॉल. कड सरळ करताच ते पुन्हा शांतपणे तरंगू लागते. विद्यार्थ्यांनी दोन्हींतील फरक स्वतः लिहून काढावा.

कागदाचे ते विमान इंजिनाविना उडते, आणि वेग राखला तोवरच उडते. इंजिनाची शक्ती घटलेल्या वैमानिकासही हेच स्मरावयाचे असते. नाक खाली ठेवावे, वेग राखावा, हाताशी असलेली जागा वेळेवर स्वीकारावी. विमानतळ गाठला नाही, यात कमीपणा काही नाही. विमानातील माणसे आपल्या पायांनी शेताच्या बांधावर येऊन उभी राहिली, म्हणजे ते उड्डाण यशस्वी झाले असेच मानले पाहिजे.